विहिरीपासून ग्वांगझूपर्यंत

खानदेशातल्या नरडाण्यापासून कोल्हापूरपर्यंत खेड्यापाड्यांतली पोरं पोहायला शिकत ती विहिरीत, नाहीतर नदीच्या डोहात. तिथे सेकंद कोण मोजणार?

सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या जगात महाराष्ट्राचं नाव नेलं कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, सोळाव्या वर्षी, ते तीन फ्रीस्टाइल शर्यतींत उतरले.

२०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत वीरधवल यांनी ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य पटकावलं. १९८६ मधल्या खजान सिंग यांच्या रौप्यानंतर या स्पर्धेत भारतीय जलतरणाला पदक मिळालं ते तब्बल चोवीस वर्षांनी. पुढच्याच वर्षी अर्जुन पुरस्कार आला.

मग राज्य शासनाने त्यांना तहसीलदार नेमलं आणि सराव मागे पडला. तरीही २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत कांस्य हुकलं ते अवघ्या ०.०१ सेकंदाने.

२०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकून त्यांनी निवृत्ती घेतली. तिथेच महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांच्या पत्नी ऋजुता यांनीही सुवर्ण मिळवलं.