बर्लिनचं कर्ज

इरावती कर्वे १९२८ साली पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या त्या कर्ज काढून. पैसे दिले डॉ. जीवराज मेहतांनी. हेच मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, पण ते खूप नंतर. मला जास्त नवल वाटतं ते कर्ज घराबाहेरून काढावं लागलं याचं, कारण घर कुणाचं होतं? महर्षी कर्व्यांचं. हिंगण्याचा आश्रम उभा करणारे, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढणारे अण्णा कर्वे म्हणजे त्यांचे सासरे. आणि सुनेनं जर्मनीला जायला याच अण्णांचा विरोध होता!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

विरोध होता हे त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. का होता, याबद्दल माझा आपला एक अंदाज आहे. अण्णांच्या घरात पैसा आला की आधी संस्थेकडे जायचा. स्वतःची विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली होती. अशा माणसाला शेकडो विधवांना शिकवणं हे कार्य वाटत असणार आणि घरातल्या एकीनं समुद्र ओलांडून डॉक्टरेट करणं ही चैन. बाईनं शिकावं, पण कुठवर आणि कशासाठी, याचं एक माप त्यांच्या मनात असावं. अर्थात हा अंदाजच. तेव्हा अण्णा सत्तरीचे होते आणि सून बावीस वर्षांची.

बरं, माहेरचीही फारशी साथ नव्हती. वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात नोकरीला होते. मुलगी तिथेच जन्मली आणि इरावद्दी नदीवरून तिचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. त्यांची इच्छा होती की मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या घरात पडावी. तिनं पसंत केला रसायनशास्त्राचा मास्तर! दिनकर धोंडो कर्वे. १९२६ मध्ये लग्न झालं.

पुण्यात तिला आणखी एक घर मिळालं होतं, रँग्लर परांजप्यांचं. परांजपेबाईंनी तिला आपल्या शकुंतलेच्या सोबतीला म्हणून घरी आणलं. रँग्लर म्हणजे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, अण्णांचे नात्यातलेच. शकुंतलाही पुढे केंब्रिजला गेली. त्या घरात वाढलेल्या मुलीला परदेश म्हणजे काही सातासमुद्रापलीकडचं गूढ वाटलं नसणार. चहाच्या टेबलावर ज्याच्या गोष्टी निघतात तो गाव परका कसा वाटेल? रक्ताच्या नात्यानं जे दिलं नाही ते या मानलेल्या घरानं दिलं, असं मला वाटतं.

आणि नवरा. दिनकरराव स्वतः लग्नाआधी जर्मनीत शिकून डॉक्टरेट घेऊन आले होते. परक्या भाषेत प्रबंध लिहिणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. वडिलांचं त्यांनी ऐकून घेतलं आणि बायकोला बोटीवर चढवलं. याबद्दल भाषणं दिल्याचं काही ऐकिवात नाही.

आमच्या घरात सध्या हाच विषय चालू आहे (संबंधित मंडळी हे वाचतातच, तेव्हा रागावू नका). भाचीला जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे आणि लग्नाला दीड वर्ष झालंय. जावई तयार आहेत, व्याही मंडळी 'बघू' म्हणताहेत. आपल्याकडचा 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. परवा फोनवर कुणीतरी आनंदीबाई जोशींचा दाखला दिला : "बघा, दीडशे वर्षांपूर्वी नवऱ्यानं पाठवलं की नाही?"

पाठवलं खरं. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. पण त्यांची पत्रं वाचा. गोपाळराव इकडून संशयाची, टोचून बोलणारी पत्रं लिहायचे आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत वैद्यकीचा अभ्यास करून ही मुलगी त्यांची समजूत काढत बसायची. एका पत्रात तर तिनं लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण त्यांना शांतपणे करून दिली आहे. त्यांच्याशिवाय ती गेलीच नसती हेही तितकंच खरं, आणि म्हणूनच ती पत्रं वाचवत नाहीत. तिला तिथं माया मिळाली ती न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंकडून. त्यांना ती मावशी म्हणायची. १८८६ मध्ये एमडी झाली, परत आली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली. तिच्या अस्थींची रक्षा गोपाळरावांनी त्या मावशीकडेच पाठवली.

तेव्हा पाठवणं आणि पाठवून झाल्यावर मोकळं सोडणं, यात फरक आहे. दाखला द्यायचा तर मी दिनकररावांचा देईन.

बर्लिनमध्ये इरावतीबाईंना मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं मोठं प्रस्थ. त्यांची संस्था १९२७ मध्येच सुरू झाली होती आणि १९३३ नंतर ती नाझींच्या वंशधोरणाच्या सेवेत रुजू झाली. फिशरसाहेबांचा सिद्धांत असा, की युरोपियनांच्या कवटीची डावी-उजवी बाजू इतरांपेक्षा अधिक असमान असते आणि त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाचं मूळ तिथं आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की वंशाचा आणि असमानतेचा संबंध दिसत नाही. गुरूच्या संस्थेत बसून, गुरूच्या विरुद्ध, उसन्या पैशांवर! डॉक्टरेट मिळाली नसती तर कर्जाचा डोंगर घेऊन 'मी म्हटलंच होतं' ऐकायला पुण्याला यायचं होतं. पण मिळाली. श्रेणी सगळ्यात खालची मिळाली, असं नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी २०२४ मध्ये काढलेल्या चरित्राच्या निमित्तानं पुढे आलं.

गंमत म्हणजे सून बर्लिनमध्ये होती तेव्हा, मार्च १९२९ मध्ये, अण्णाही जगप्रवासाला निघाले. लंडन, जिनिव्हा, अमेरिका, टोकियो. सगळीकडे भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर व्याख्यानं! एप्रिल १९३० मध्ये परतले आणि त्याच डिसेंबरात विद्यापीठासाठी वर्गणी गोळा करायला आफ्रिकेला गेले. ते तिकडे असतानाच, १९३१ मध्ये, इरावतीबाई त्याच महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार झाल्या. ते काम त्यांनी १९३६ पर्यंत केलं.

सासऱ्यांबद्दल कडवटपणा धरला असं मात्र दिसत नाही. दिनकररावांनी १९६३ मध्ये 'द न्यू ब्राह्मन्स' नावाचं पुस्तक काढलं, त्यात अण्णांवर इरावतीबाईंचा लेख आहे. सून सासऱ्याकडे किती सरळ नजरेनं बघू शकते ते त्यात दिसतं. भाचीबाई, पुस्तक माझ्याकडे आहे. रविवारी ये, आणि येताना सासूबाईंनाही घेऊन ये.