तहानेचा पेला

जेम्स ड्यूअर यांनीं १८९२ मध्यें लंडनांत दुहेरी भिंतींचें पात्र केलें तें द्रवरूप वायु सांभाळण्यासाठीं. शाळकरी मुलांची तहान त्यांच्या स्वप्नींही नव्हती. दोन भिंतींमधील हवा काढून घेतली कीं उष्णतेची वाट खुंटते, एवढीच ती युक्ति. त्यांनीं पेटंट घेतलें नाहीं. १९०४ मध्यें जर्मनांनीं तेंच पात्र ‘थर्मॉस’ म्हणून बाजारांत आणलें. परंतु कांच फुटे. म्हणून अमेरिकेंत विल्यम स्टॅन्ले यांनीं १९१३ मध्यें पोलादी बाटली काढली, आणि पुढें शंभर वर्षें ती बहुधा मजुरांच्या व शिकाऱ्यांच्याच हातीं दिसे.

२०१६ मध्यें त्याच नांवाच्या कंपनीनें बाजूला कान व वर नळी असलेला, सुमारें १.२ लिटरचा पेला आणला. तो खपेना. खरेदीविषयीं लिहिणाऱ्या तीन स्त्रियांनीं ५,००० पेले स्वतः घेऊन विकले, तेव्हां कंपनीचे डोळे उघडले! २०२३ पर्यंत तो रंगीबेरंगी होऊन अमेरिकेंतील शाळांच्या बांकांवर विराजमान झाला. किंमत ४५ डॉलर. त्या नाताळांत स्वस्त पेला मिळालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला मैत्रिणींनीं हिणवलें, तें पेल्यावरील नांवावरून. आंतील पाण्यावरून नव्हे. आईनें अखेर खरा पेला आणून दिला.