सोप्यातली आरामखुर्ची

आमच्या सोप्यात आजोबांची सागवानी आरामखुर्ची होती. पाठ मागं कललेली, वेतानं विणलेली. हातांखालच्या लांब फळ्या पुढं फिरवल्या की त्यांवर पाय टाकून पडता यायचं.

ही घडण मूळची आपली नव्हे. आपली बैठक भुईवरची: घोंगडं, पाट, फार तर गादी आणि लोड. ‘खुर्ची’ हा शब्दही अरबी ‘कुर्सी’वरनं आला. गोरे साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात अशा खुर्च्यांत पाय लांब करून पडायचे. त्यांचं बघून ती वकिलांकडं, इनामदारांकडं आणि पाटलांच्या सोप्यात आली. वेताच्या भोकांतनं वारा खेळतो, म्हणून आपल्या उन्हाळ्याला मानवली. आमची तर गावच्याच सुतारानं तालुक्याच्या डाकबंगल्यातली बघून घडवली होती, बलुत्याच्या धान्यावर.

आजोबा मुलकी पाटील. ते खुर्चीत, भावकी घोंगड्यावर, सुतार पायरीवर आणि गावकुसाबाहेरची माणसं जोत्याखाली मातीत. आजी उंबऱ्याच्या आत. १९६२च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं पद गेलं, पण माझ्या लहानपणी बसायच्या जागा तशाच होत्या.

आजोबांमागं खुर्चीची वाट मीच लावली. ढेकूण झाले म्हणून उकळतं पाणी ओतलं. वेत तुटला तिथं प्लायवूड ठोकलं. एका दिवाळीला निळा ऑइलपेंट फासला. मग ती शेळ्यांच्या गोठ्यात गेली, आणि एक पाय वाळवीनं खाल्ला.

दोन वर्षांमागं जुन्या वस्तूंचा एक व्यापारी तिला चांगले पैसे देत होता. तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. मी ती त्याच सुताराच्या नातवाकडं नेली. तात्या माझ्याच वयाचा.

“आबा, घाई करायची न्हाई,” तो म्हणाला. त्यानं खिळे उपटले, रंग हळूहळू उतरवला. कुजलेला पाय तेवढाच कापून जुन्या चौकटीच्या सागाचा तुकडा सांधला. भोकं मोकळी केली. वेत भिजवून ओलाच विणला: दोनदा उभा, दोनदा आडवा, दोनदा तिरपा. वाळल्यावर तो आपोआप ताणला. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, कापडाच्या बोळ्यानं, पातळ हातानं.

मी म्हणालो, “तात्या, पहिला तू बस. तुझा आजा कधी बसला नाही हिच्यात.”

तो हसला. “कुणी सांगितलं? पाठीचा कल बसल्याबिगर कळतोय व्हय? रात्री दार लावून आजा बसला व्हता. म्हणायचा, पाटलाच्या आदी मी बसलोय. पर ह्ये बाहीर बोलायचं न्हाई.”

एवढी वर्षं आम्ही जिला पाटलाची म्हणत होतो, तिच्यात पहिली पाठ सुताराची टेकली होती.

खुर्ची आता परत सोप्यात आहे. पावसाळ्यात भिंतीपासून लांब ठेवतो, ओल लागू नये म्हणून. भांगलणीच्या बाया दुपारी पाणी प्यायला येतात. जिचे पाय जास्त दुखतात तिला मी खुर्चीत बसायला सांगतो. ती बसते.

पण बसायच्या आधी अजून एकदा माझ्याकडं बघते.