गिरडच्या दगडांची गोष्ट फोन कशी सांगेल?

आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. इथे हिंदू येतात, मुसलमानही येतात. आणि टेकडीवरच्या गोलसर दगडांची गोष्ट दोघांनाही ठाऊक असते.

ही गोष्ट इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली, तसे त्यांचे नारळ अन् सगळा माल दगड झाला. रडत माफी मागितली तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून नवा माल करून दिला. ते दोघं मग कुठे गेलेच नाहीत, बाबांच्या सेवेत राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच म्हणतात.

त्याच गॅझेटियरमध्ये हे दगड झिओलाइटचे असल्याची नोंद आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या अन् पुढे झिरपत्या पाण्यातून तिथे खनिज साचलं. साहेबानं चमत्कार अन् खनिज दोन्ही एकाच नोंदीत लिहिलं, हे मला आवडतं.

हे आठवायचं कारण मोबाइल गाईड. २०२५ च्या प्रयागराज कुंभात ११ भाषांत उत्तरं देणारा चॅटबॉट होता. उद्या आपल्याकडेही क्यूआर कोडची पाटी लागेल. लागू दे. पण ही यंत्रं कुठून कुठे आली ते बघा.

१९५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात लोकांच्या कानाला रेडिओ लावून माहिती ऐकवू लागले. प्रसारण एकच, त्यामुळे सगळा घोळका एकाच वेळी एका चित्रावरून दुसऱ्याकडे वळायचा. पन्नासेक वर्षांनी त्याच शहरातल्या राइक्स म्युझियममध्ये ‘चिप’ नावाचा प्रकल्प आला. तुम्ही चित्रांना तारे द्यायचे, त्यावरून तुमची आवड ओळखून यंत्र फक्त तुमच्यासाठी फेरी आखून द्यायचं.

चित्रांपुरतं हे ठीक. पण गिरडला फोननं आवड ओळखायची ती कशावरून? नावावरून? आडनाव बघून एकाला एक गोष्ट, दुसऱ्याला दुसरी, अन् शाळेतल्या पोराला नुसतं खनिज? मग एकाच पायरीवर शेजारी बसलेल्या दोघांच्या कानात दोन वेगळी गिरडं वाजतील. व्हॉट्सअ‍ॅपनं गावागावांत काय केलं ते आपण बघतोच आहोत.

भाषा निवडू द्या. म्हाताऱ्यांना चढ कमी असलेली वाट दाखवा, ज्याला दिसत नाही त्याला ऐकवा. लांबी ज्याच्या त्याच्या सवडीनं असू दे. मात्र बाबा, व्यापारी अन् लाव्हा हे तिन्ही सगळ्यांच्या वाट्याला आले पाहिजेत.

अन् कोड लावायच्या आधी गिरडच्या जाणत्या माणसांकडून ही गोष्ट त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करून घ्या. ज्यांच्या घरी अशी आजी, आजोबा असतील त्यांनी याच सुट्टीत फोन समोर ठेवून बोलतं करावं.