क्वेकर पंथ

इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या धामधुमीत उदयास आलेला ख्रिस्ती पंथ. संस्थापक जॉर्ज फॉक्स (१६२४–९१). प्रत्येकाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश असतो, म्हणून धर्मगुरूची मध्यस्थी नको, ही त्याची शिकवण. उपासना बहुधा मौनात चाले. अंतःप्रेरणा झाली, तर कोणीही, अगदी स्त्रियाही, बोलत. त्या काळी हे धाडसच. शपथ घेणे, वरिष्ठांपुढे टोपी काढणे नाकारल्याने हजारो अनुयायी तुरुंगात गेले. १६६२ चा एक कायदा तर खास त्यांच्याविरुद्धच होता. तरीही पंथ टिकला, याचे बरेच श्रेय पंथातील मार्गारेट फेल हिच्या संघटनकौशल्याला द्यावे लागते. पंथाचा अनुयायी विल्यम पेन याने १६८१ च्या राजसनदेवर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवले. तेथील जर्मनटाउनमध्ये १६८८ मध्ये क्वेकरांकडून गुलामगिरीचा लेखी निषेध झाला. पंथाच्या सभासदांनी स्वतःचे गुलाम मुक्त करायला मात्र जवळजवळ शतक गेले. आज सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत.