असेल, असावे, असलेच पाहिजे : चुंबकाच्या निमित्ताने इंग्रजी क्रियापदांचा थोडा इतिहास

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाची 'मे' या क्रियापदाशी पहिली ओळख बहुधा वर्गाच्या दाराशी होते. आत येण्याची परवानगी मागताना ते उच्चारायचे असते, म्हणून 'मे म्हणजे परवानगी' हे समीकरण त्याच्या मनात पक्के होते. 'कॅन म्हणजे शकणे', 'मस्ट म्हणजे सक्ती', 'शुड म्हणजे कर्तव्य' ही समीकरणेही त्याच क्रमाने येतात. पुढे तोच मुलगा पदार्थविज्ञानाचे इंग्रजी पुस्तक उघडतो आणि तिथे कुणी कुणाची परवानगी मागत नाही, कुणावर सक्तीही नसते. तरीही पानोपानी 'मे' आणि 'मस्ट' भेटतात. मग तो 'कॅन'लाही 'शकते' म्हणतो आणि 'मे'लाही 'शकते' म्हणतो. लेखकाने जपून केलेले अनुमान आणि वस्तूचा सिद्ध झालेला गुणधर्म यांतील अंतर या एका शब्दात पुसले जाते. हे नुकसान केवळ व्याकरणाचे नाही, असे आम्हांला वाटते. ज्ञानाची खात्री किती, हे सांगण्याची सोयच त्यात हरवते.

या क्रियापदांच्या कुळाकडे पाहिले तर गंमत दिसते. 'कॅन'चा प्राचीन इंग्रजीतील अर्थ 'जाणणे' असा होता. ज्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे त्याला ती करता येते, या मार्गाने तो 'सामर्थ्या'कडे वळला. 'मे'चा मूळ अर्थ 'बळ असणे', 'समर्थ असणे' हा होता. बळ दर्शवणारे 'माइट' हे नाम त्याच घराण्यातले. 'कॅन'ने सामर्थ्याची जागा बळकावली तशी 'मे'ची गादी परवानगी आणि शक्यता यांच्याकडे सरकली. 'मस्ट' तर एकेकाळी मुभा दाखवी, ते पुढे सक्तीचे झाले. आपल्याकडेही 'शक्' या धातूतून शक्ती, शक्य आणि शक्यता हे शब्द निघाले. म्हणजे बळाकडून संभाव्यतेकडे जाणारी वाट मराठीला परकी नाही.

इंग्रजीत ही वाट रुंद झाली ती विज्ञानाच्या लेखनात, आणि त्या लेखनाच्या आरंभीच चुंबक उभा आहे. १५८१ साली लंडनमध्ये रॉबर्ट नॉर्मन या होकायंत्रे बनवणाऱ्या कारागिराने 'द न्यू अट्रॅक्टिव्ह' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. चुंबकसुई उत्तर दाखवते तशीच ती क्षितिजाखाली झुकते, हे त्याने मोजून दाखवले. लंडनचा हा झुकाव त्याने ७१ अंश ५० मिनिटे नोंदवला. नॉर्मन विद्वानांच्या वर्गातला नव्हता. त्याने दर्यावर्दी लोकांसाठी त्यांच्या बोलीत लिहिले. १६०० साली विल्यम गिल्बर्टने 'दे माग्नेते' हा महाग्रंथ लिहिला तो मात्र लॅटिनमध्ये. पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे, असा सिद्धांत त्याने मांडला आणि लसणाच्या वासाने होकायंत्राची शक्ती जाते यासारख्या समजुती मोडीत काढल्या. एकच विषय कारागीर इंग्रजीत आणि वैद्य लॅटिनमध्ये मांडत होता. पुढील शतकात इंग्रजीला लॅटिनची जागा घ्यायची होती, आणि त्यासाठी केवळ नवी नामे पुरणार नव्हती. निश्चितीच्या पायऱ्याही लागणार होत्या.

या पायऱ्यांची आखणी करणाऱ्यांत जॉन वॉलिस हे नाव येते. अनंताचे चिन्ह रूढ करणारा हा ऑक्सफर्डचा भूमितीचा प्राध्यापक रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होता. १६५३ साली त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले तेही लॅटिनमध्ये, कारण त्याचा वाचक इंग्रजी शिकू पाहणारा परदेशी माणूस होता. 'शॅल' आणि 'विल' यांचा पिढ्यान्‌पिढ्या घोकला गेलेला नियम प्रामुख्याने याच ग्रंथाशी जोडला जातो. प्रथमपुरुषी 'शॅल'ने नुसते भाकीत होते आणि 'विल'ने वचन किंवा धमकी दिली जाते. द्वितीय व तृतीय पुरुषांत हे उलटते. निसर्गाचे भाकीत आणि माणसाचा संकल्प यांची गल्लत होऊ नये, ही गणितज्ञाला शोभणारी काळजी त्या नियमात आम्हांला दिसते. आठ वर्षांनी, १६६१ साली, रॉबर्ट बॉइलने आपल्या निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत 'कदाचित', 'असे दिसते', 'हे अशक्य नाही' अशा शब्दांचे उघड समर्थन केले. प्रयोग निश्चयाने सांगावा, त्याचे कारण मात्र संकोचाने सांगावे, हा त्याचा आग्रह होता. वैज्ञानिक गद्यातील 'मे'ला सभ्यतेचा दर्जा मिळाला तो अशा लेखनातून.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना हे उमगायला मात्र फार उशीर लागला. आपल्याकडच्या तर्खडकरी भाषांतरपद्धतीत वाक्ये सुटी येत. त्यांत साहाय्यक क्रियापदाचा अर्थ शेजारच्या मराठी शब्दावरून ठरे. १९६२ साली चार्ल्स बार्बरने आधुनिक वैज्ञानिक गद्यातील क्रियापदांची मोजदाद प्रसिद्ध केली आणि या गद्याचे व्याकरण ललित गद्याहून प्रमाणाने वेगळे असते हे दाखवले. चिलीमध्ये यूअर आणि लातोरे यांनी १९६९ साली 'अ कोर्स इन बेसिक सायंटिफिक इंग्लिश' हे पुस्तक आणले. नेहमीची पाठ्यपुस्तके विज्ञानाच्या विद्यार्थ्याला लागणाऱ्या नेमक्या रचना टाळतात, अशी यूअरची तक्रार होती. तिच्या यादीत कर्मणी प्रयोग, संकेतार्थी वाक्ये आणि ही साहाय्यक क्रियापदेही होती. पुढे ॲलन आणि विडोसन यांनी १९७०च्या दशकातील आपल्या पाठमालेत एक साधा विचार मांडला. विद्यार्थ्याला विज्ञान आधीच ठाऊक असते, त्या ओळखीच्या विज्ञानावर अनोळखी भाषा उभी करावी.

या विचाराची कसोटी घ्यायला चुंबकाइतका सोयीचा विषय नाही. एक लोहचुंबक घ्या आणि दुसरी अनोळखी पट्टी. चुंबकाचा एक ध्रुव पट्टीच्या दोन्ही टोकांजवळ आळीपाळीने न्या. एका टोकाकडे आकर्षण दिसले, तर पट्टी चुंबक असेल किंवा साधे लोखंडही असेल. इथे 'मे' येतो. एखाद्या टोकाशी प्रतिकर्षण दिसले, तर ती चुंबक असलीच पाहिजे. इथे 'मस्ट' येतो, आणि या 'मस्ट'मध्ये कुणाचीही आज्ञा नाही. कुठेच काही घडले नाही, तर ती चुंबक असणे शक्य नाही. इथे 'कान्ट'. प्रतिकर्षण हीच चुंबकत्वाची खरी कसोटी, हे आपल्या शालेय पुस्तकातले जुने वाक्य. त्याच्या पोटात या क्रियापदांची अख्खी उतरंड दडली आहे. अर्थ शब्दकोशातून न येता पुराव्यातून येतो, हे विद्यार्थ्याला हातातल्या पट्टीवरून कळते.

मराठीला यासाठी साधने नाहीत, असे कुणी म्हणू नये. आपल्या व्याकरणाने विध्यर्थाला कर्तव्य, योग्यता, शक्यता, तर्क, इच्छा अशी अनेक कामे दिली आहेत. 'लोखंडाला चुंबकत्व देता येते' हे सामर्थ्य झाले, 'असेल' हा अंदाज, 'असावे' हा पुराव्याकडे बोट दाखवणारा तर्क, 'असलेच पाहिजे' हा निष्कर्ष. हे सर्व हाताशी असताना आपण भाषांतरात एकट्या 'शकते'ला राबवतो आणि मग मराठीत काटेकोर लिहिता येत नाही अशी कुरकुर करतो.

मुंबईला या विषयाचा स्वतःचा इतिहास आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून भूचुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तिथेच काम केले. पुढे ट्राम विजेवर धावणार म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेला नेले गेले. सप्टेंबर १८५९च्या प्रचंड चुंबकीय वादळात कुलाब्याच्या नोंदीत क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरलेला दिसतो. ही नोंद २००३ साली एका शोधनिबंधामुळे पुन्हा चर्चेत आली, आणि तेव्हापासून या उतरंडीचे कारण काय असावे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कुणी तो पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाचा परिणाम मानतात, कुणी आयनांबरातील प्रवाहांकडे बोट दाखवतात. वहीतला आकडा 'आहे' या क्रियापदात नोंदला गेला. त्याचे स्पष्टीकरण मात्र दीडशेहून अधिक वर्षांनंतरही 'असावे'पाशी थांबले आहे. इथे 'असावे'च्या जागी 'आहे' लिहिणारा भाषांतरकार एका जिवंत वादाचा परस्पर निकाल लावून टाकतो.

साहित्याच्या वर्गात हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही. एखाद्या कवितेविषयी 'कवीला असे म्हणायचे आहे' असे आपण किती सहज लिहितो. तिथे पुष्कळदा 'म्हणायचे असावे' इतकाच पुरावा आपल्या हाती असतो. भाषेच्या शिक्षकाने विज्ञानाचा धडा 'आपला नव्हे' म्हणून टाळू नये, असे आमचे म्हणणे आहे. किती ठाऊक आहे आणि किती नुसते वाटते, हा भेद क्रियापदातून सांगायला शिकवणे हे त्याचेच काम आहे, आणि चुंबक, टाचण्या व एक अनोळखी पट्टी एवढ्या सामग्रीवर ते सुरू करता येते.