औंसात मोजलेला न्याय : न्यूयॉर्कचे रॉकफेलर कायदे

१/१४
१९८० च्या दशकाचा मध्य. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात रेडिओचा लहानसा व्यवसाय करणाऱ्या अँथनी पापा यांनी ५०० डॉलरच्या मोबदल्यात एक पाकीट पोहोचवण्याचे कबूल केले. पाकिटात साडेचार औंस, म्हणजे सुमारे १२८ ग्रॅम कोकेन होते आणि सापळा पोलिसांचा होता. गुन्हा पहिलाच. शिक्षा : किमान १५ वर्षे ते आजन्म कारावास. #थ्रेड #इतिहास

२/१४
ही शिक्षा एखाद्या कठोर न्यायाधीशाची लहर नव्हती. त्याहून कमी शिक्षा देण्याचा अधिकारच कायद्याने न्यायासनाकडून काढून घेतला होता. हा कायदा आला कोठून, आणि तो बदलायला ३६ वर्षे का लागली, याचा हा इतिहास.

३/१४
१९६० च्या दशकात न्यूयॉर्क शहरात हेरॉइनचे व्यसन झपाट्याने पसरले. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर हे रिपब्लिकन पक्षाच्या उदारमतवादी गटाचे नेते. प्रारंभी त्यांचा भर उपचारांवर होता. १९६६ मध्ये त्यांनी व्यसनींच्या सक्तीच्या उपचाराचा कायदा आणला. खर्च अफाट झाला, फळ अल्प मिळाले.

४/१४
जानेवारी १९७३. विधिमंडळापुढील वार्षिक भाषणात रॉकफेलर यांनी दिशाच पालटली : अमली पदार्थ विकणाऱ्यास आजन्म कारावास. काहीशा सौम्य रूपात विधेयक संमत झाले, मे महिन्यात त्यावर स्वाक्षरी झाली आणि १ सप्टेंबर १९७३ पासून कायदा अमलात आला.

५/१४
एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) हेरॉइन वा कोकेन विकणे, किंवा दोन औंस जवळ बाळगणे, हा खुनाच्या पंक्तीतला गुन्हा ठरला. बलात्कार त्या दंडसंहितेत याहून खालच्या वर्गात होता. १९७९ मध्ये ही मर्यादा दुप्पट करण्यात आली, पण कायद्याचा गाभा तोच राहिला.

६/१४
विसंगती अशी की, १९५० च्या दशकातील सक्तीच्या किमान शिक्षांचा अनुभव घेऊन अमेरिकी संसदेने १९७० मध्ये त्यांपैकी बहुतेक रद्द केल्या होत्या. देश जो धडा शिकला, तो तीनच वर्षांत एका राज्याने पुसून टाकला.

७/१४
कायद्याचा मूळ दोष त्याच्या मापात होता. तो गुन्हेगाराची भूमिका पाहत नव्हता, मालाचे वजन पाहत होता. टोळीचा सूत्रधार मालाला क्वचितच हात लावतो. तो पकडला गेलाच, तरी माहिती देऊन सवलत मिळवू शकतो. पाकीट वाहणाऱ्याजवळ वजन असते, देण्याजोगी माहिती मात्र नसते.

८/१४
न्यायाधीशांचा विवेक गेला, पण विवेकाधिकार नाहीसा झाला नाही. तो सरकारी वकिलांकडे सरकला. कोणते कलम लावायचे हे ज्याच्या हाती, शिक्षाही त्याच्याच हाती. आणि हा निर्णय खुल्या न्यायालयात नव्हे, बंद दाराआड होऊ लागला.

९/१४
कायद्याचा उपयोग तरी झाला का? न्यूयॉर्कच्या वकील संघटनेच्या सहभागाने नेमलेल्या समितीने पहिल्या तीन वर्षांचा अभ्यास केला. निष्कर्ष स्पष्ट होता : सुमारे ३.२ कोटी डॉलर खर्चूनही १९७६ च्या मध्यास हेरॉइनचा वापर पूर्वीइतकाच व्यापक होता. अहवाल आला, वाचला गेला आणि कायदा तसाच राहिला.

१०/१४
कारण राजकीय होते. ‘गुन्हेगारांबाबत मवाळ’ हा शिक्का कोणालाच नको होता. १९७३ मध्ये राज्याच्या तुरुंगांत सुमारे १३ हजार कैदी होते. १९९९ च्या अखेरीस ते ७० हजारांवर गेले. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतील कैद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय व लॅटिनो होते. व्यसन सर्व वस्त्यांत होते. धाडी मात्र ठरावीक वस्त्यांत पडत.

११/१४
पापा सिंगसिंग तुरुंगात चित्रकला शिकले. त्यांचे आत्मचित्र पुढे व्हिटनी संग्रहालयात झळकले आणि गव्हर्नर पटाकी यांनी त्यांना दयेच्या अधिकारात मुक्त केले. १२ वर्षे सरली होती. बाहेर येऊन ते कैद्यांच्या आया-बहिणींच्या चळवळीत उतरले. अर्जेंटिनातील बेपत्तांच्या मातांचा आदर्श घेऊन हे कुटुंबीय १९९८ पासून रॉकफेलर सेंटरपाशी छायाचित्रे घेऊन उभे राहू लागले.

१२/१४
२००४ मध्ये ऑल्बनी परगण्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या निवडणुकीत डेव्हिड सोअर्स हे नवखे उमेदवार या कायद्यांनाच विरोध करून विजयी झाले. त्याच वर्षी आजन्म कारावासाची तरतूद गेली. २००९ मध्ये अनेक गुन्ह्यांतील सक्तीची किमान शिक्षा हटली आणि न्यायाधीशांना कैदेऐवजी उपचाराचा आदेश देता येऊ लागला. स्वाक्षरी केली गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांनी. याच कायद्यांविरुद्धच्या निदर्शनांत २००२ मध्ये त्यांना अटक झाली होती!

१३/१४
ही कथा दूरची वाटेल, पण भारताचा १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही याच वाटेने गेला. अल्प प्रमाणाची वैयक्तिक वापरापुरती सवलत सोडली, तर किरकोळ विक्रेता आणि मोठा व्यापारी यांना त्यात सारखीच किमान १० वर्षांची शिक्षा होती. प्रमाणानुसार श्रेणी आल्या त्या २००१ च्या दुरुस्तीने. पुन्हा घडलेल्या काही गुन्ह्यांसाठी असलेली फाशीची सक्ती २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केली. न्यायाधीशाच्या विवेकाचा प्रश्न तोच.

१४/१४
सुधारणेने न्यूयॉर्क गुन्हेगारीच्या गर्तेत कोसळेल, ही भीती खोटी ठरली. २०२१ पर्यंत कैद्यांची संख्या शिखराच्या निम्म्याहून खाली आली होती. कायदा कठोर असावा की मवाळ, हा खरा प्रश्न नव्हेच. समोर उभ्या माणसाकडे पाहण्याची मुभा कायदा न्यायाधीशाला देतो की नाही, हा आहे. तराजू न्यायदेवतेच्या हाती शोभतो. पण त्यात पुरावा तोलायचा असतो, पाकीट नव्हे. #मराठी #इतिहास